इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवरतं की उधळवतं? (दोन रिपोर्टांचं कोडं)

उपवनवाली | रविवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर ॲडमिननी हलवावा.

वय ४७, मुक्काम ठाणे. पाळी सध्या मनाला येईल तशी येते. डॉक्टरांनी हॉर्मोन्स बघायला सांगितली. फेब्रुवारीत एफएसएच ३८ आणि इस्ट्राडिओल २० च्या खाली. लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट हातात देतानाच सांगून टाकलं, "मॅडम, मेनोपॉज झालाय." घरी येऊन जरा हिरमुसले, आणि पुढच्याच पंधरवड्यात पाळी हजर! एप्रिलमध्ये पुन्हा तपासलं, तीच लॅब: एफएसएच ६, इस्ट्राडिओल ३१०. नवऱ्याचं मत, लॅबने कुणाचं तरी रक्त अदलाबदल केलं.

मग वाचायला बसले. मेंदूखालची पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही हॉर्मोन्स सोडते, त्यावर अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतं, आणि इस्ट्रोजेन वाढलं की ते उलट वर जाऊन पीयूषिकेला गप्प बसवतं. इथवर पटलं. पण दोन परिच्छेद पुढे म्हणे, इस्ट्रोजेन भरपूर वाढलं की पीयूषिका एलएचचा लोंढा सोडते आणि स्त्रीबीज सुटतं. आता एकच हॉर्मोन त्याच ग्रंथीला गप्पही बसवतं आणि ओरडायलाही लावतं, हे कसं? औषध विचारत नाहीये, ते डॉक्टर बघतील. मला आतली यंत्रणा समजून घ्यायची आहे.

मिसळप्रेमी | ११:२२

मामलेदारची तिखट मिसळ खाल्ल्यावर जे कानातून निघतं त्याला हॉट फ्लश म्हणतात का? कृपया हलकं घ्या. धागा चांगला आहे, कोपऱ्यात बसून वाचतोय.

सोसायटी_सेक्रेटरी | ११:४०

ताई, एवढं काही अवघड नाही. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट डोळ्यासमोर आणा. टाकी भरली की पंप बंद, रिकामी झाली की पंप चालू. फेब्रुवारीत टाकी कोरडी, म्हणून पंप जीव तोडून ३८ वर. एप्रिलमध्ये टाकी भरलेली, म्हणून पंप ६ वर निवांत. रक्ताची अदलाबदल वगैरे काही नाही. विषय संपला.

परळ_ते_नेरूळ | दुपारी १:०५

सेक्रेटरीसाहेब, निम्मा विषय संपला. तुमची टाकी ताईंच्या दोन आकड्यांना चपखल बसते, पण त्यांचा खरा प्रश्न पुढचा आहे. टाकी दोन दिवस काठोकाठ भरलेली राहिली तर पंप अचानक दहापट जोराने सुरू होतो, असा फ्लोट तुम्ही बसवलात तर कमिटी बरखास्त होईल. बाईच्या शरीरात मात्र तो दर महिन्याला असाच वागतो.

नोकरीभर हॉर्मोनच्या प्रयोगशाळेत बसलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर उड्या मारत वाचा.

पीयूषिका जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. तिच्या वर मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग. तिथल्या हजार-दोन हजार चेतापेशी जीएनआरएच नावाचा एक छोटा रेणू सोडतात. तो सोडतात ठोक्या-ठोक्यांनी. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात साधारण ६० ते ९० मिनिटांनी एक ठोका, दुसऱ्या अर्ध्यात तीन-चार तासांनी एक. हा रेणू दोघींमधल्या खास रक्तवाहिन्यांतून थेट पीयूषिकेत उतरतो आणि काही मिनिटांत मोडून पडतो. दंडातून काढलेल्या रक्तात तो मोजण्याइतका मिळतच नाही, म्हणून कुठल्याही लॅबच्या यादीत "जीएनआरएच" दिसणार नाही. आपण मोजतो ते त्याचं उत्तर, म्हणजे एलएच आणि एफएसएच.

इस्ट्रोजेन या साखळीत दोन्हीकडे हात घालतं, वर हायपोथॅलॅमसमध्ये आणि खाली थेट पीयूषिकेच्या पेशींत. पहिला हात आवरण्याचा. १९३२ साली शिकागोत मूर आणि प्राइस यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून हे मांडलं, की अंडाशय-वृषणाची हॉर्मोन्स पीयूषिकेला दाबतात आणि तिचा जोर कमी झाला की तीही आपोआप कमी बनतात. मांडणी इतकी सुबक होती की सगळ्यांना आवडली. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, बर्लिनच्या होलवेगने तिला सुरुंग लावला. वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना त्याने इस्ट्रोजेन टोचलं. दाबलं जायला हवं होतं, तर त्यांच्या अंडाशयात कॉर्पस ल्युटियम (बीज सुटल्यावर मागे बनतात त्या पिवळट गाठी) तयार झालेली सापडली. पीयूषिकेने एलएच सोडल्याशिवाय ती बनतच नाहीत. म्हणजे इस्ट्रोजेनने पीयूषिकेला डिवचलं होतं.

दोन्ही खरं कसं? उत्तर मात्रेत आहे, आणि मात्रेपेक्षाही काळात. इस्ट्राडिओल कमी ते मध्यम असेल तोवर दाब. ते मिलिलिटरमागे साधारण २०० पिकोग्रॅमच्या वर गेलं आणि दीड ते दोन दिवस सलग वरच राहिलं, तर उलटापालट. नुसतं वर जाऊन चालत नाही, टिकावं लागतं. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. एक चांगलं पिकलेलं फॉलिकलच (अंडाशयातली बीज वाढवणारी पिशवी) एवढं इस्ट्रोजेन एवढा वेळ बनवू शकतं, म्हणजे बीज तयार असल्याची ती पावतीच झाली.

आता पेशीच्या आत काय होतं ते. पाळीनंतरच्या दिवसांत इस्ट्रोजेन पीयूषिकेच्या पेशींना एलएच बनवायला लावतं, पण सोडू देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ग्रंथी दबली आहे. आत मात्र कणांमध्ये साठा वाढत असतो, आणि पेशींच्या अंगावर जीएनआरएच ओळखणारे रिसेप्टरही वाढत असतात. या काळात आलेला प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यासाठी पेशीला आणखी हळवी करतो. उंबरठा ओलांडला की आधी जेवढ्या ठोक्याला चमचाभर एलएच सुटायचं तेवढ्यालाच बादलीभर सुटतं. लोंढा सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी स्त्रीबीज बाहेर पडतं. थांबवणं आणि उधळवणं ही दोन वेगळी कामं नाहीतच, साठवणं आणि मोकळं सोडणं हे एकाच कामाचे दोन टप्पे आहेत.

ताई, एप्रिलचं रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलं होतं? आणि एलएच केलं होतं का?

उपवनवाली | १:३०

बापरे, केवढं सुंदर समजावलंत काका! दिवस तेरावा असावा. एलएच रिपोर्टमध्ये आहे, ११. फेब्रुवारीतला दिवस सांगता येणार नाही, पाळी त्याआधी दोन महिने आलीच नव्हती.

परळ_ते_नेरूळ | १:४८

मग नवऱ्याला सांगा, लॅबवाल्याला सोडून द्या. फेब्रुवारीत अंडाशय झोपलेलं, इस्ट्रोजेन तळाला, म्हणून पीयूषिका मोकाट. एप्रिलमध्ये एक फॉलिकल जागं झालं, त्याने इस्ट्रोजेन चढवलं आणि एफएसएच खाली दाबलं. इस्ट्राडिओल ३१० आणि एलएच ११ म्हणजे लोंढ्याच्या अलीकडचा फोटो असू शकतो. एकाच बाईचे दोन वेगळ्या दिवसांचे फोटो आहेत हे, दोन वेगळ्या बायकांचे नाहीत.

घोडबंदरची_डॉक्टरीण | दुपारी ३:१५

काकांचं वाचून कॉलेजचे दिवस आठवले. व्यवहारातलं थोडं माझ्याकडून.

एका एफएसएचवरून रजोनिवृत्तीचं निदान होत नाही. काउंटरवरून तर मुळीच नाही. चाळिशीच्या उत्तरार्धात हे आकडे महिन्या-महिन्याला उड्या मारतात. पंचेचाळिशीनंतर पाळीची लहर आणि इतर लक्षणं ठळक असतील तर बहुतेकदा मी एफएसएच करायलाही सांगत नाही, पैसे वाचतात. सलग बारा महिने पाळी नाही, तेव्हा रजोनिवृत्ती म्हणायचं, तेही मागे वळून बघताना.

दुसरं, एफएसएचवर एकट्या इस्ट्रोजेनचा अंकुश नसतो. अंडाशयातल्या छोट्या फॉलिकलमधून इनहिबिन बी नावाचं प्रथिन येतं, ते खास एफएसएचला दाबतं. फॉलिकलचा साठा घटला की इनहिबिन आधी उतरतं. म्हणून इस्ट्रोजेन अजून ठीक असतानाही एफएसएच चढायला लागतो, एलएच मात्र मागे राहतो. रजोनिवृत्तीनंतरही एफएसएच एलएचपेक्षा जास्त वाढलेला दिसतो तो याच कारणाने.

आणि उपवनवाली, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. एप्रिलसारखा महिना पुन्हा येऊ शकतो, म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता शून्य नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी असा संकेत आहे. फेब्रुवारीचा कागद बघून निर्धास्त झालेल्या बायका नंतर रडवेल्या होऊन येतात.

उपवनवाली | ३:२२

😳 नवऱ्याला धाग्याची लिंक पाठवली आहे.

मिसळप्रेमी | ३:२५

दादांनी लॅबवाल्याची माफी मागावी असा ठराव मी मांडतो.

खारघर_बीफार्म | संध्याकाळी ५:४०

काका, एक शंका. आमच्या मॅडम म्हणतात पॉझिटिव्ह फीडबॅक (म्हणजे इस्ट्रोजेनने एलएच उधळवणं) हायपोथॅलॅमसमध्ये होतो, किसपेप्टिन नावाच्या तिथल्या रेणूमुळे. तुम्ही पीयूषिकेच्या पेशी म्हणताय. परीक्षेत काय लिहू?

परळ_ते_नेरूळ | संध्याकाळी ६:३०

परीक्षेत दोन्ही लिही, मार्क मॅडम देणार आहेत. पण समजून घेऊन लिही.

जीएनआरएचच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा मुख्य रिसेप्टर, अल्फा, नसतोच. मग त्यांना इस्ट्रोजेनची खबर कोण देतं, हे कोडं बरीच वर्षं पडून होतं. २००३ मध्ये दोन वेगळ्या गटांना, वयातच न आलेल्या माणसांच्या कुटुंबांत, किसपेप्टिनच्या रिसेप्टरमधले दोष सापडले आणि कोडं सुटायला लागलं. किसपेप्टिनच्या पेशींवर अल्फा रिसेप्टर भरपूर. इस्ट्रोजेन त्यांच्याशी बोलतं, त्या जीएनआरएचला सांगतात. उंदरांत तर काम चक्क वाटून दिलंय, हायपोथॅलॅमसच्या एका भागातल्या किसपेप्टिन पेशींना इस्ट्रोजेन दाबतं आणि दुसऱ्या भागातल्यांना चेतवतं. तुझ्या मॅडमचं उत्तर बहुधा तिथून आलंय. (या किसपेप्टिनचा जीन १९९६ मध्ये कर्करोगाच्या संशोधनात सापडला, अमेरिकेतल्या हर्शी गावात, आणि तिथल्या "किसेस" चॉकलेटवरून नाव पडलं.)

पण उंदीर म्हणजे बाई नव्हे. पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांनी ऱ्हीसस माकडिणींवर केलेलं काम माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं. त्यांनी माकडिणींच्या हायपोथॅलॅमसमधला जीएनआरएच बनवणारा भागच निकामी केला. एलएच, एफएसएच बंद. मग पंपाने बाहेरून जीएनआरएच द्यायला सुरुवात केली. सलग धार लावली तर पीयूषिका थोडी जागी होऊन पुन्हा बंद पडायची. तासाला एक ठोका दिला की व्यवस्थित चालायची. आणि खरी गंमत १९८० च्या निबंधात आहे: ठोका जराही न बदलता, तासाला एक, तोच डोस, असा चालू ठेवला तरी माकडिणींना पूर्ण पाळीचक्र आलं, एलएचच्या लोंढ्यासकट. वरून येणारा हुकूम तसूभरही बदललेला नाही, तरी लोंढा आला. म्हणजे अंडाशयाचं इस्ट्रोजेन थेट पीयूषिकेतच उलटापालट करू शकतं.

तेव्हा माझं मत असं, की माकडांत आणि माणसांत पीयूषिका एकटी हे पेलू शकते, हायपोथॅलॅमस वरून हातभार लावत असेल. मॅडमना नोबिल विचार, नम्रपणे.

खारघर_बीफार्म | ६:४१

विचारतो. नम्रपणे 🙏 वाचनखूण साठवली.

जुनी_औषधकंपनी | रात्री ८:५०

नोबिलवरून नोबेल आठवलं. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये शॅलीच्या प्रयोगशाळेने डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून शोधली, गियमँ मेंढ्यांच्या मागे होता. दोघांचं आपसात अजिबात पटत नव्हतं, आणि १९७७ चं नोबेल मात्र एकत्र घ्यावं लागलं, रोझलिन यॅलोसोबत. यॅलोबाईंनी रक्तातलं हॉर्मोन मोजायची रेडिओइम्युनोअसे पद्धत काढली. ती नसती तर हा धागाच नसता.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात, गोनॅडोट्रॉपिनच्या (म्हणजे एफएसएच-एलएचच्या) इंजेक्शनांशी संबंध आला, म्हणून एक किस्सा. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचा अंकुश सुटतो, एफएसएच आणि एलएच रक्तात इतकी वाढतात की लघवीतून वाहून जातात. इटलीत डोनिनी नावाच्या रसायनज्ञाने ती लघवीतून वेगळी काढली. पण औषध बनवायचं तर हजारो लिटर लघवी हवी, तीही वयस्क बायकांची आणि गर्भारपण नक्की नसलेल्यांची. उत्तर सापडलं ख्रिस्ती जोगिणींच्या मठांत! म्हाताऱ्या नन्सची लघवी टँकरमधून कारखान्यात जायची. त्या औषधावर पहिलं मूल १९६२ मध्ये इस्रायलमध्ये जन्माला आलं, ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारांनी. आणि हेच औषध, एचएमजी, आपल्याकडे कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्ये वापरलं, भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या, दुर्गाच्या, जन्माच्या वेळी. त्यांच्या वाट्याला काय आलं ते इथे सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आता बरीचशी एफएसएच इंजेक्शनं जनुकीय तंत्राने पेशींत बनतात, नन्स सुटल्या.

मिसळप्रेमी | ८:५८

टँकर?? रात्रीचं जेवण झाल्यावर सांगायचं होतं हो.

वाशी_सेक्टर_अनामिक | रात्री ९:३०

हे वाचून काही गोष्टी आत्ता उलगडल्या. माझं आयव्हीएफ चालू आहे. पोटावर एफएसएचची इंजेक्शनं, आणि पाच-सहा दिवसांनी दुसरं एक इंजेक्शन सुरू केलं, सेट्रोरेलिक्स. विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "आधीच फुटू नये म्हणून." कोण फुटणार, काही कळलं नव्हतं. म्हणजे एकाच वेळी आठ-दहा फॉलिकल वाढली की इस्ट्राडिओल नेहमीच्या कितीतरी पट होतं, आणि पीयूषिकेला वाटतं वेळ झाली, असंच ना?

घोडबंदरची_डॉक्टरीण | रात्री १०:०५

अगदी तसंच. बीजं अजून पिकलेली नसतात, पण इस्ट्रोजेनची बेरीज मात्र उंबरठा ओलांडते. लोंढा अवेळी आला तर काढायला काही उरत नाही. सेट्रोरेलिक्स पीयूषिकेवरचा जीएनआरएचचा रिसेप्टर अडवतं, मग इस्ट्रोजेनने कितीही डिवचलं तरी एलएच सुटत नाही. शेवटी घड्याळ लावून ट्रिगरचं, म्हणजे बीजं पिकवून सुटायला लावणारं, इंजेक्शन देतात, आणि ३४-३६ तासांनी बीजं काढतात. काकांनी वर ३६ तास लिहिलेत ते हेच. ट्रिगरची वेळ पाळा, रात्री विचित्र वेळेची दिली असेल तरी. शुभेच्छा.

याच्या उलट टोकाला लेट्रोझोल आणि क्लोमिफेन. पीसीओएसमध्ये बीज सुटावं म्हणून देतो त्या गोळ्या. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनूच देत नाही. क्लोमिफेन बनू देतं, पण मेंदूतले रिसेप्टर अडवून बसतं. दोन्हींत वरच्या मजल्याला वाटतं इस्ट्रोजेन घटलं, मग एफएसएच वाढतो आणि फॉलिकल हलतं. म्हणजे आम्ही पीयूषिकेला सरळ सरळ फसवतो.

सरकारी दवाखान्यात मिळणारी गर्भनिरोधक गोळी माला-एन तिसऱ्या बाजूने फसवते. थोडं इथिनिल इस्ट्राडिओल रोज, सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं लेव्होनॉर्जेस्ट्रेल. इस्ट्रोजेन मुख्यतः एफएसएच दाबतं, दुसरं एलएचचा लोंढा येऊ देत नाही. लखनौच्या सीडीआरआयची "सहेली", आता सरकारी पाकिटावर "छाया", मात्र वेगळी. तिच्यातलं ऑर्मेलॉक्सिफेन पीयूषिकेच्या वाटेला फारसं जात नाही, गर्भाशयाच्या अस्तरावर काम करतं. बीज सुटत राहतं.

कोपरखैरणे_जिम | सोमवार, सकाळी ७:१५

बायकांचा धागा आहे, तरी विचारतो. आमच्या जिममध्ये टेस्टोस्टेरॉन टोचणारे काही जण "इस्ट्रोजेन कंट्रोल" म्हणून ॲनास्ट्रोझोल खातात. पुरुषात इस्ट्रोजेनचं काय काम? ते तर शत्रू ना?

परळ_ते_नेरूळ | सकाळी ९:००

शत्रू नाही, बाळा. पुरुषाच्या पीयूषिकेला आवरणारा मोठा हात इस्ट्राडिओलचाच. तुझं टेस्टोस्टेरॉन चरबीत, मेंदूत, इतरत्र अरोमाटेज नावाच्या विकराने (ॲनास्ट्रोझोल त्यालाच अडवतं) इस्ट्राडिओलमध्ये बदलतं, आणि ते वर जाऊन एलएच दाबतं.

पुरावा १९९४ मधला. अमेरिकेत २८ वर्षांचा एक पुरुष सापडला, ज्याचे इस्ट्रोजेन रिसेप्टर जन्मतः निकामी होते. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, रक्तात इस्ट्रोजेन भरपूर, पण ऐकणारं कुणी नाही. एलएच आणि एफएसएच दोन्ही चढलेली. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होता, कारण हाडांची टोकं मिटायलाही इस्ट्रोजेन लागतं. हाडांचं वय पंधराचं, आणि हाडं ठिसूळ.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचणाऱ्यांची पीयूषिका झोपते. एलएच नाही म्हणून वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. सोबत ॲनास्ट्रोझोल खाऊन ती जागी होत नाही, कारण टोचलेलं टेस्टोस्टेरॉन स्वतःही वरून दाबतंच. हाडांचं नुकसान वर फुकट. लग्न ठरलेल्यांना हे आवर्जून सांग.

ॲडमिन | ९:१०

कृपया कुणीही डोस विचारू किंवा सांगू नये. चर्चा छान चालली आहे.

ऐरोलीची_आई | सकाळी ११:३०

मी अंगावर पाजते, बाळ सात महिन्यांचं आहे, पाळी अजून नाही. सासूबाई म्हणतात दूध चालू आहे तोवर येत नाही. प्रोलॅक्टिनमुळे हे माहीत होतं, पण त्यात इस्ट्रोजेन कुठे येतं?

परळ_ते_नेरूळ | दुपारी १२:४०

तिथे तर त्याचं राज्यच आहे. पीयूषिकेतल्या इतर हॉर्मोन्सना वरून "सोडा" असा हुकूम लागतो, प्रोलॅक्टिनला मात्र वरून सतत "थांबा" असतो. तो डोपामिन देतं. इस्ट्रोजेन प्रोलॅक्टिनच्या पेशींना दोन बाजूंनी फितवतं: जीन चालू करून जास्त प्रोलॅक्टिन बनवायला लावतं, पेशींची संख्याही वाढवतं, आणि डोपामिनचं त्यांना ऐकू कमी येईल असं करतं. गर्भारपणात इस्ट्रोजेन प्रचंड, म्हणून या पेशी वाढून अख्खी पीयूषिका निदान एक तृतीयांशाने फुगते. प्रोलॅक्टिन २५ च्या आतलं, ते नवव्या महिन्यात २०० च्या घरात जातं.

मग पोटुशीपणीच दूध का वाहत नाही? कारण तेच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन स्तनाच्या पातळीवर प्रोलॅक्टिनला अडवून ठेवतात. वार पडली, दोन्ही कोसळली, अडसर निघाला, दोन-तीन दिवसांत दूध उतरलं. वर ढकलायचं आणि खाली धरून ठेवायचं, पुन्हा इस्ट्रोजेनचा तोच स्वभाव.

त्यानंतर बाळाच्या चोखण्याने प्रोलॅक्टिन वर राहतं, ते किसपेप्टिनला दाबतं, जीएनआरएचचे ठोके मंदावतात, पाळी येत नाही. सासूबाई बरोबर आहेत. पण बाळ वरचं खायला लागलं की भरवसा ठेवू नका, पाळी दिसायच्या आधीच बीज सुटू शकतं.

एक गंभीर गोष्टही यातूनच येते. फुगलेल्या पीयूषिकेला रक्तपुरवठा जेमतेम पुरत असतो. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला तर ती मरते. शीहानचा आजार. दूधच उतरत नाही, पाळी परतत नाही, थकवा जात नाही, आणि बाई वर्षानुवर्षं "अशक्तपणा आहे" ऐकत टॉनिक घेत राहते. आपल्याकडे हे अजून बघायला मिळतं.

घोडबंदरची_डॉक्टरीण | १२:५८

शीहानबद्दल +१००. आणि प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की लगेच मेंदूचा एमआरआय डोळ्यासमोर आणू नका. ॲसिडिटीसाठी आपण सर्रास घेतो ती पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल, त्यातलं डॉमपेरिडोन डोपामिनलाच अडवतं, प्रोलॅक्टिन सहज चढवतं. थायरॉइड कमी असेल तरी चढतं. सुई टोचण्याच्या धास्तीनेही थोडं चढतं.

परळ_ते_नेरूळ | दुपारी १:१०

आणि लॅबवाल्याच्या वतीने, केसांच्या गोळ्या! त्यांत बायोटिन ढिगाने असतं. बऱ्याच यंत्रांची रसायनं बायोटिनवरच चालतात, त्यामुळे एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच (पीयूषिकेचं थायरॉइडला चालवणारं हॉर्मोन) खोटे कमी आणि इस्ट्राडिओल खोटं जास्त येऊ शकतं. म्हणजे कागदावर अगदी तरुण, सुदृढ बाई! रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, आणि लॅबला सांगा.

उपवनवाली | दुपारी २:२०

काका!! मी केसांच्या गोळ्या मे महिन्यात सुरू केल्यात, म्हणजे एप्रिलचा रिपोर्ट वाचला. हॉट फ्लशबद्दल कुणीच बोललं नाही. एफएसएच वाढल्याने होतं का ते? सध्या ठाण्यात बाहेरचा उकाडा कुठला आणि आतला कुठला, हेच कळेनासं झालंय.

घोडबंदरची_डॉक्टरीण | दुपारी ३:४०

एफएसएचमुळे नाही. १९७० च्या दशकात दिसलं होतं की फ्लश आणि एलएचचा ठोका एकाच वेळी येतात, म्हणून संशय एलएचवर गेला. पण शस्त्रक्रियेने पीयूषिका काढलेल्या बायकांनाही फ्लश येतात, म्हणजे एलएच निर्दोष. मूळ वर आहे. ज्या किसपेप्टिन पेशी जीएनआरएचला ठोका देतात, त्याच न्यूरोकायनिन बी सोडतात. इस्ट्रोजेन गेलं की त्या फुगतात आणि अति चेतवल्या जातात. त्यांचे धागे शेजारच्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रात पोचतात. एका झटक्यात खाली एलएचचा ठोका आणि इकडे घामाची लाट. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फेझोलिनेटंट हाच न्यूरोकायनिनचा रिसेप्टर अडवतं, त्यात इस्ट्रोजेन अजिबात नाही. यकृतावर मात्र लक्ष ठेवावं लागतं.

पाचपाखाडी_थायरॉइड | संध्याकाळी ६:१५

शेवटी माझाही एक. थायरॉक्सिन चालू आहे, टीएसएच छान होतं. फ्लशसाठी इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली आणि टीएसएच चढलं. इस्ट्रोजेनने पीयूषिकेला टीएसएच सोडायला लावलं म्हणायचं का?

घोडबंदरची_डॉक्टरीण | रात्री ८:३०

नाही, इथे पीयूषिका फक्त प्रामाणिक साक्षीदार आहे. गोळी पोटातून आधी यकृतात जाते, आणि तिथे थायरॉइड हॉर्मोनला धरून ठेवणारं प्रथिन वाढवते. मोकळं थायरॉक्सिन कमी पडतं, आणि ज्यांची ग्रंथी भर घालू शकत नाही त्यांचं टीएसएच चढतं. कॉर्टिसोलचंही तसंच, एकूण आकडा फुगलेला दिसतो आणि लोक उगाच घाबरतात. ग्रोथ हॉर्मोनही गोळीने वाढतं, कारण ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून यकृतात बनणारं आयजीएफ-१ घटतं आणि पीयूषिकेवरचा दाब कमी होतो. त्वचेवरचं जेल किंवा पॅच यकृताला वळसा घालून जातं, त्याने हे जवळपास होत नाही. तुमच्या डॉक्टरांना दोन्ही पर्याय विचारा. गोळीच चालू ठेवायची असेल तर सुरू केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, आणि थायरॉक्सिनचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका.

पाचपाखाडी_थायरॉइड | रात्री ८:४२

धन्यवाद डॉक्टर. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, जेलचं विचारते.